पिवळ्या पाटीवरचा वर्षभराचा कर

भोपाळहून सांची पन्नास किलोमीटरच्या आत आहे. दक्षिणेला भीमबेटकाही जवळपास तेवढंच, आणि वाटेत थोडं वळलं की भोजपूरचं अपुरं राहिलेलं शिवमंदिर. सांचीला 1989 मध्ये आणि भीमबेटकाला 2003 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. पुण्या-नाशिकहून रेल्वेने आलेलं कुटुंब ही ठिकाणं पाहायला बहुधा दिवसाच्या बोलीवर टॅक्सी करतं. त्या भाड्यात करांचा वाटा किती, हे मात्र प्रवाशाला कुठेच दिसत नाही.

वाहनांवरचा कर राज्यघटनेनेच राज्यांच्या हाती दिला आहे. मध्य प्रदेशात त्यासाठी 1991 चा मोटरयान कराधान कायदा आहे. घरच्या गाडीचा कर नोंदणीच्या वेळी एकदाच भरून मोकळं होता येतं. पिवळ्या पाटीच्या गाडीला मात्र परमिट लागतं. फिटनेसची तपासणी पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करावी लागते. प्रवासी वाहनाच्या विम्याचा हप्ताही जास्त असतो. यातलं बरंचसं ओझं गाडी धावो न धावो, डोक्यावर असतंच.

खरी अडचण इथे आहे. भोपाळचा हंगाम थंडीचा. मे महिन्यात भीमबेटकाचे खडक तापतात, आणि 1 जुलै ते 30 सप्टेंबर व्याघ्र प्रकल्पांचं गाभा क्षेत्र बंद राहतं, त्यामुळे सातपुड्याकडची भाडीही आटतात. समजा, परमिट आणि कर मिळून वर्षाला 30 हजार रुपये लागतात. गाडी 250 दिवस धावली, तर दिवसाला 120 रुपये पडतात. शंभरच दिवस धावली, तर 300. मोठ्या कंपनीच्या गाड्यांना ऑफिसची भाडी बारमाही मिळतात, पण एका गाडीच्या मालकाला तो फरक पर्यटकाकडूनच वसूल करावा लागतो.

याशिवाय इंधन आहे. मध्य प्रदेशातला पेट्रोल-डिझेलवरचा व्हॅट देशातल्या चढ्या दरांपैकी एक. पण तो निदान किलोमीटरगणिक लागतो, उभ्या गाडीला लागत नाही.

राज्याच्या सीमेवरचा जाच मात्र बराच कमी झाला आहे. पूर्वी दुसऱ्या राज्यात शिरताना नाक्यावर थांबून त्या राज्याचा कर भरावा लागे. 1 एप्रिल 2021 पासून अखिल भारतीय पर्यटक परमिट ऑनलाइन मिळू लागलं. शुल्क एकाच ठिकाणी भरायचं आणि ते राज्यांमध्ये वाटलं जातं. 1 जुलै 2024 पासून मध्य प्रदेशाने सीमेवरचे परिवहन नाकेही बंद केले. नागपूरहून पचमढीला निघालेल्या गाडीच्या दृष्टीने ही सुधारणा कोणत्याही जाहिरातीपेक्षा मोलाची आहे.

सवलतीने ग्राहक किती हलतो, याचा पुरावा ग्वाल्हेरात मिळतो. माधवराव शिंद्यांनी 1905 मध्ये सुरू केलेल्या तिथल्या व्यापार मेळ्यात अलीकडे वाहन करात 50 टक्के सूट दिली जाते; अट एवढीच की नोंदणी ग्वाल्हेरच्या आरटीओत व्हावी. म्हणून एमपी 07 पाटीची गाडी भोपाळच्या रस्त्यांवरही सहज दिसते. 2024 पासून उज्जैनच्या मेळ्यातही अशीच सूट मिळू लागली.

स्वतः चालवायच्या भाड्याच्या गाडीची गोष्ट वेगळी. 1989 च्या रेंट-अ-कॅब योजनेत परवान्यासाठी किमान 50 गाड्यांची अट आहे. चार-पाच गाड्या असलेल्या भोपाळच्या तरुणाला ते कसं जमावं? ही अट गोव्यासारख्या गर्दीच्या ठिकाणीही जड आहे. तिच्यामुळेच पांढऱ्या पाटीच्या खासगी गाड्या छुप्या भाड्याने दिल्या जातात. अपघात झाला तर विमा कंपनी भरपाई नाकारू शकते आणि भुर्दंड पर्यटकावर येतो. सरकारला कर मिळत नाही तो वेगळाच. पन्नासची अट पाचावर आणली, तर यातल्या कित्येक गाड्या नियमात येतील.

अखिल भारतीय पर्यटक परमिटच्या 2023 च्या नियमांनी विजेवरच्या पर्यटक गाड्यांना परमिट शुल्क माफ केलं आहे. सांचीला जाऊन येणं एका चार्जमध्ये आरामात होतं. पचमढीचा जाण्याचाच रस्ता दोनशे किलोमीटरचा, तिथे चालक अजून डिझेल किंवा सीएनजीच पसंत करतात.