चावा क्षणाचा, दावा महिन्यांचा

कुत्रा चावल्याने होणारे नुकसान दोन टप्प्यांत होते. पहिला टप्पा दातांचा: कातडी फाटते, रक्त येते, कधी मांसाचा तुकडाच सुटतो. दुसरा टप्पा त्या दातांबरोबर आत गेलेल्या जंतूंचा. तो काही तासांनी, काही दिवसांनी किंवा काही महिन्यांनी समोर येतो. नुकसानभरपाई मागताना पहिला टप्पा सिद्ध करणे फारसे अवघड नसते, कारण जखम दिसते. मोठा खर्च आणि जिवावरचा धोका मात्र बहुतेक वेळा दुसऱ्या टप्प्यात असतो आणि वादही तिथेच उभा राहतो: हा आजार त्याच चाव्यामुळे झाला, हे कशावरून?

कुत्रा चावलेल्या जखमांपैकी साधारण 3 ते 18 टक्के जखमांत जंतुसंसर्ग होतो, असे वैद्यकीय ग्रंथ सांगतात. सर्वांत जास्त भीती हाताच्या जखमेची. तिथे कातडीखाली लगेच सांधे आणि स्नायूबंध असतात. दात वरून टोचल्यासारखा वाटला तरी आत सांध्यापर्यंत पोचलेला असू शकतो. संसर्ग झालेल्या जखमांत पाश्चुरेला हा जीवाणू वारंवार सापडतो. तो घाईचा आहे: चावल्यानंतर बारा ते चोवीस तासांतच जखमेभोवती लाली, सूज आणि ठणका सुरू होतो. त्यानंतर बिघडणाऱ्या जखमांत स्टॅफिलोकोकस आणि स्ट्रेप्टोकोकस हे नेहमीचे पू करणारे जीवाणू अधिक आढळतात. वेळेचा हा फरक डॉक्टरांना जितका उपयोगी, तितकाच पुढे वकिलांनाही. दुसऱ्या दिवशी सुजलेल्या हाताचा संबंध आदल्या दिवशीच्या चाव्याशी जोडायला कोणी हरकत घेत नाही. पंधरा दिवसांनी दवाखान्यात गेलेल्या माणसाला मात्र मधल्या काळाचा हिशेब द्यावा लागतो.

याच जंतूंपैकी कॅप्नोसायटोफागा कॅनिमॉर्सस हा जीवाणू धडधाकट माणसाला क्वचितच त्रास देतो. प्लीहा काढून टाकलेली, यकृत दारूने खराब झालेले किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेली व्यक्ती असेल, तर तोच रक्तात पसरतो आणि बोटे काळी पडण्यापर्यंत वेळ येते. 2018 मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात एका माणसाचे हात-पाय या संसर्गामुळे कापावे लागले. त्याला कुत्रा चावलाही नव्हता, केवळ चाटण्यातून संसर्ग झाल्याचे डॉक्टरांचे मत होते. अशा प्रकरणात समोरचा पक्ष हमखास म्हणतो की दोष कुत्र्याचा नसून रुग्णाच्या आधीच्या आजाराचा आहे. इंग्लंड आणि भारतातील नुकसानभरपाईच्या कायद्याने हा बचाव फारसा मानलेला नाही. ज्याला इजा केली तो जसा आहे तसा स्वीकारावा लागतो. मधुमेही माणसाची जखम चिघळली, तर त्या चिघळण्याचीही जबाबदारी इजेला कारण झालेल्यावर येते. आधीच्या आजाराचा परिणाम भरपाईच्या रकमेवर होऊ शकतो, पण मूळ जबाबदारी त्याने पुसली जात नाही.

धनुर्वातही चाव्यातून होऊ शकतो. लस (टी.टी.) वेळेवर घेतल्यास तो टळतो, एवढे इथे पुरे.

रेबीजचे गणित या सगळ्यांहून वेगळे आहे. त्याचा विषाणू जखमेतून मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे सरकतो. लक्षणे दिसायला सहसा एक ते तीन महिने लागतात, कधी आठवडा, कधी वर्षाहून अधिक. लक्षणे दिसल्यावर रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या शास्त्रज्ञांनी देशभरात घरोघरी केलेल्या सर्वेक्षणाच्या आधारे वर्षाला सुमारे 91 लाख प्राणीदंश आणि सुमारे 5,726 रेबीजमृत्यू असा अंदाज मांडला आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा जुना अंदाज 18 ते 20 हजार मृत्यूंचा होता. आकडा कमी झाला हे खरे, पण यातला जवळजवळ प्रत्येक मृत्यू टाळता आला असता.

उपचार ठरलेले आहेत. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवायची. रक्त आले असेल किंवा लाळ ओल्या अंतस्त्वचेला लागली असेल, तर ती तिसऱ्या वर्गाची जखम; तिला लशीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही जखमेत आणि तिच्याभोवती द्यावे लागते, कारण लशीचा परिणाम व्हायला काही दिवस जातात. सरकारी दवाखान्यांत कातडीत दिली जाणारी लस पहिल्या मात्रेचा दिवस शून्य धरून 0, 3, 7 आणि 28 या दिवशी देतात. स्नायूत देण्याच्या पद्धतीत पाच मात्रा असतात. पोटात चौदा इंजेक्शने घेण्याची गोष्ट आता इतिहासजमा आहे. मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली ती सेम्पल लस भारताने 2004 च्या अखेरीस बंद केली. तिची दहशत मात्र जुन्या माणसांच्या मनातून गेलेली नाही, आणि चावा लपवण्याचे ते एक कारण आजही आहे.

रेबीज आटोक्यात आणण्याच्या विषयात राजस्थानची राजधानी जयपूर जगभर उद्धृत होते. हेल्प इन सफरिंग या संस्थेने जयपुरात 1994 मध्ये भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि रेबीज लसीकरण सुरू केले. 2002 पर्यंत सुमारे 25 हजार कुत्र्यांवर हे काम झाले, कार्यक्षेत्रातील सुमारे 65 टक्के माद्या त्यात आल्या आणि कुत्र्यांची संख्या 28 टक्क्यांनी घटली. त्या क्षेत्रातील माणसांचे रेबीज रुग्ण शून्यावर आले, तर कार्यक्रम नसलेल्या भागांत ते वाढले, असे 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नोंदलेले आहे. चाव्यांची संख्या 2003 नंतर उतरत गेल्याचेही पुढच्या अभ्यासात दिसले. भरपाईच्या दृष्टीने या आकड्यांचे महत्त्व वेगळेच आहे. भटकी कुत्री हा आवाक्याबाहेरचा प्रश्न आहे, असे एखाद्या पालिकेने न्यायालयात म्हटले, तर जयपूरचे उदाहरण तिच्याच विरोधात उभे राहते.

आता शहराच्या कडेचे एक उदाहरण पाहू. कानोता हे गाव जयपूरच्या पूर्वेला, आग्र्याकडे जाणाऱ्या महामार्गावर, शहरापासून पंधराएक किलोमीटरवर आहे. जुना किल्ला, धरण, रस्त्यालगतची हॉटेले आणि ढाबे यांमुळे बाहेरच्या माणसांची तिथे वर्दळ असते. शहराच्या कडेची अशी गावे दाव्याच्या बाबतीत सर्वांत अडचणीची ठरतात. चावा झाला ती जागा ग्रामपंचायतीची, पालिकेची, महामार्गाची की खाजगी हॉटेलच्या आवाराची, हे आधी ठरवावे लागते, कारण नोटीस कोणाला द्यायची ते त्यावर अवलंबून असते. शिवाय पर्यटक दुसऱ्या दिवशी गाव सोडतो. पहिली मात्रा जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात, दुसरी आग्र्याला आणि तिसरी पुण्याला, अशी उपचारांची साखळी तीन दवाखान्यांच्या कागदांत विखुरते. वैद्यकीयदृष्ट्या त्यात काही बिघडत नाही. दाव्यात मात्र एक कागद गहाळ झाला की प्रतिपक्षाला पहिली फट मिळते.

पाळीव कुत्र्याच्या बाबतीत जबाबदार माणूस समोर असतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 नुसार आपल्या ताब्यातील प्राण्यापासून माणसाला धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणे हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. भरपाईसाठी दिवाणी दावा वेगळा करावा लागतो. तिथे मालकाचा निष्काळजीपणा किंवा कुत्रा चावरा असल्याची मालकाला आधीपासून असलेली माहिती सिद्ध करण्याचा भार वादीवर असतो. अमेरिकेतील अनेक राज्यांत मालकाची चूक दाखवावीच लागत नाही, आणि घराच्या विम्यातून पैसे मिळतात. 2023 मध्ये तिथल्या विमा कंपन्यांनी कुत्र्यांमुळे झालेल्या इजांपोटी 112 कोटी डॉलर दिले. आपल्याकडे पाळीव कुत्र्यासाठी असा विमा घेणारे मालक शोधावे लागतील.

भटक्या कुत्र्याच्या चाव्याची जबाबदारी राज्य आणि स्थानिक संस्था यांच्याकडे जाते. केरळमध्ये सर्वोच्च न्यायालयाने 2016 साली निवृत्त न्यायमूर्ती सिरी जगन यांची समिती नेमली आणि पीडितांना तिच्याकडे अर्ज करण्याची सोय झाली. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2023 मध्ये त्याहून पुढे जाऊन दरच ठरवले: प्रत्येक दाताच्या खुणेला किमान 10 हजार रुपये, आणि मांस निघाले असेल तर जखमेच्या दर 0.2 सेंटिमीटरला किमान 20 हजार. पैसे आधी राज्याने द्यायचे आणि मग दोषी यंत्रणेकडून किंवा मालकाकडून वसूल करायचे. कानोत्यातल्या माणसासाठी हा निकाल बंधनकारक नाही, राजस्थान उच्च न्यायालयापुढे तो फक्त आधार म्हणून मांडता येतो. सूत्र सोपे आहे, म्हणून ते गाजले. पण त्यात संसर्गाला जागाच नाही. ते दात मोजते. बोटावरच्या एका खुणेतून सांध्यात पू झाला आणि बोट कायमचे आखडले, तरी खूण एकच. ‘किमान’ या शब्दात वाढीव रक्कम मागायला वाव आहे, पण ती मागण्यासाठी संसर्गाचा पुरावा अर्जदारालाच गोळा करावा लागतो.

सर्वोच्च न्यायालयाने 7 नोव्हेंबर 2025 रोजी शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वेस्थानके यांच्या आवारातून भटकी कुत्री हटवण्याचा आणि ती पुन्हा तिथेच न सोडण्याचा आदेश दिला. अशा आवारात चावा झाला, तर आपले कर्तव्य काय होते हे माहीत नव्हते, असे संस्थेला म्हणता येणार नाही.

पुराव्याची सुरुवात पहिल्या केस पेपरापासून होते. त्यावर चाव्याची तारीख, वेळ, जागा, शरीराचा भाग, जखमेचा वर्ग आणि कुत्रा पाळीव की भटका हे लिहून घेतलेले हवे. नुसते ‘जखम, टी.टी. दिले’ एवढेच लिहिले असेल, तर महिन्याभराने त्यावरून काहीच सांगता येत नाही. जखम चिघळल्यास पू तपासणीचा अहवाल सर्वांत मोलाचा. त्यात पाश्चुरेला सापडला, तर प्राण्याच्या तोंडाशी असलेला संबंध जवळजवळ प्रयोगशाळेनेच सांगितला. हा नमुना प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी घेतलेला बरा. टाक्यांचा मुद्दाही नीट समजून घ्यावा लागतो. रेबीजच्या भीतीने चाव्याच्या जखमा शक्यतो लगेच शिवत नाहीत, त्यामुळे व्रण मोठा राहतो. हा व्रण हयगयीचा नाही, योग्य उपचारांचा आहे, असे डॉक्टरांनी लिहून दिले तर लहान मुलाच्या चेहऱ्यावरील व्रणाची भरपाई मागताना उपयोग होतो.

प्रतिपक्षाचे हत्यार ठरलेले असते: रुग्णाने स्वतःच नुकसान वाढवले. जखमेवर तिखट, चुना किंवा हळद भरली, दोन मात्रा घेऊन बाकीच्या सोडल्या, मांत्रिकाकडे गेला. हे कागदावर आले की भरपाई घटू शकते. म्हणून लशीचे कार्ड जपणे हे औषधाइतकेच गरजेचे. रेबीजमृत्यूनंतर तर कुटुंबाकडे अनेकदा तेवढेच उरते. जिवंतपणी केलेल्या चाचण्या नकारात्मक येऊ शकतात, खात्रीचे निदान मृत्यूनंतर मेंदूच्या नमुन्यावर होते आणि कुत्रा तोवर कुठला कुठे गेलेला असतो.

विम्याचा वाद वेगळ्या वळणाचा आहे. अपघात विम्याची पॉलिसी बाह्य आणि दिसणाऱ्या कारणाने झालेली इजा मागते, आजार नाही. डासाच्या दंशाने मलेरिया होऊन आलेला मृत्यू अपघात नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने 26 मार्च 2019 रोजी एका प्रकरणात ठरवले. विमेदार मोझांबिकमध्ये होता आणि तिथे मलेरिया ही सर्वसाधारण गोष्ट होती. त्याच प्रकरणात राष्ट्रीय ग्राहक आयोगाने आधी विमा कंपनीच्याच संकेतस्थळाकडे बोट दाखवले होते. सर्पदंश आणि श्वानदंश हे तिथे अपघातांत धरले होते. कुत्र्याचा चावा डासासारखा नकळत होत नाही. तो अवचित होतो आणि जखम मागे ठेवतो, म्हणून त्यातून आलेला संसर्ग अपघाताचाच पुढचा भाग धरण्याची बाजू भक्कम आहे. आरोग्य विम्यात मात्र साधी अडचण येते: बहुतेक पॉलिसींना चोवीस तास दाखल असणे लागते, आणि लस तर बाह्यरुग्ण विभागात घेतली जाते.

विमा कंपनीने दावा नाकारल्यास ग्राहक आयोग, विमा लोकपाल किंवा जिल्ह्यातील स्थायी लोकअदालत हे मार्ग खुले आहेत. लोकअदालतीत कोर्ट फी लागत नाही. स्त्रिया, मुले, अपंग आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठीचा देशव्यापी दूरध्वनी क्रमांक 15100 आहे.