यादीतल्या खोडलेल्या ओळी

निवृत्तीआधी कपाट रिकामं करताना एक पिवळी फाइल हाती लागली. वर लाल स्केचपेनने लिहिलंय : ‘जर्मनी, सत्र, यादी’. पुण्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवता शिकवता पंधरा वर्षं मी हे एक जादा काम सांभाळलं. एका सत्रासाठी जर्मनीतल्या विद्यापीठात जाणाऱ्या मुलामुलींची तयारी करून घ्यायची. दर वर्षी सहा-सात जण. पहिली यादी २००९ची, चार पानी. शेवटची २०२४ची, एका पानाची. मधल्या प्रत्येक यादीवर पेनाने खाडाखोड आहे आणि खोडलेल्या बहुतेक ओळींमागे कुणाची तरी फजिती आहे. बऱ्याच ठिकाणी माझीच.

पहिल्या यादीतली तीन पानं नुसती सामानाची होती. दोन ब्लँकेटं, चार स्वेटर, सहा महिन्यांचा साबण, कुकर, पोळपाट-लाटणं. मी स्वतः तोवर जर्मनीला एकदाच, तेही जून महिन्यात, आठ दिवस गेले होते. थंडीबद्दलचं माझं ज्ञान महाबळेश्वरपुरतं. लक्ष्मी रोडवरून घेतलेला जाडजूड स्वेटर तिथल्या ओल्या वाऱ्यात चाळणीसारखा वागतो, हे पहिल्याच तुकडीने कळवलं. पुढच्या वर्षी स्वेटर खोडले आणि लिहिलं, आतून घालायचे गरम कपडे इथून न्या, वरचा कोट तिथे जाऊन घ्या.

कुकरची ओळ २०११मध्ये गेली. एका मुलाने आईचा ॲल्युमिनियमचा कुकर नेला, वसतिगृहात निघाली इंडक्शनची शेगडी. कुकर ढिम्म तापेना. सहा महिने त्यात त्याने कांदे-बटाटे ठेवले. तुपाची गोष्ट जरा जास्त लागली. एका आईने घरचं किलोभर लोणकढं तूप आणि पेढे दिले होते. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूधदुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ सोबत आणता येत नाहीत. फ्रँकफर्टच्या विमानतळावर ते सगळं कचऱ्याच्या डब्यात गेलं. मुलीने ही गोष्ट आईला सांगितलीच नाही. मला सांगितली आणि ‘मॅडम, यादीत घाला’ म्हणाली. मेतकूट, गोडा मसाला, पोहे, बाकरवडी यांची तक्रार मात्र पंधरा वर्षांत आली नाही. आपला गोल दोन पिनांचा प्लग तिथे बसतो, लॅपटॉपचा तीन पिनांचा बसत नाही, ही ओळ पहिल्यापासून शेवटपर्यंत टिकली.

सामान सोपं होतं, हे पैशांशी गाठ पडल्यावर कळलं.

नव्वद दिवसांपेक्षा जास्त राहायचं तर शेंगेन व्हिसा चालत नाही, जर्मनीचा राष्ट्रीय व्हिसा लागतो. त्यासाठी राहण्याखाण्याचा खर्च भागेल एवढे पैसे आधीच एका ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये ठेवून दाखवायचे. मी ‘कुलूपबंद खातं’ असं भाषांतर करून पाहिलं, पण पालकांनी ‘ब्लॉक’ हाच शब्द धरला. पंधरा वर्षांत या खात्याचा आकडा फक्त चढत गेला. मधल्या काही वर्षांत महिन्याला ७२० युरो होता. जानेवारी २०२३पासून ९३४ झाला, सप्टेंबर २०२४पासून ९९२. सहा महिन्यांचे झाले ५,९५२ युरो, म्हणजे युरो नव्वद रुपयांना धरला तरी साधारण पाच लाख पस्तीस हजार.

हे पैसे फीचे आहेत, ते परत येणार नाहीत, अशी निम्म्या घरांची समजूत असायची. एका वडिलांनी मुदतठेव मोडून पैसे भरले आणि चार दिवस ते कोणाशी बोलले नाहीत. पैसे मुलाचेच आहेत, दरमहा हप्त्याहप्त्याने त्यालाच मिळणार आहेत, हे कळल्यावर ते पेढे घेऊन आले. तेव्हापासून मी पालकांची बैठक आधी घ्यायला लागले, मुलांची नंतर.

पण ते हप्ते सुरू कधी होतात? इथेच सगळी मेख होती, आणि ती माझ्या लक्षात यायला पाच वर्षं गेली. ब्लॉकमधले पैसे सुटायला तिथल्या बँकेत चालू खातं लागतं. खात्यासाठी बहुतेक बँका पत्त्याच्या नोंदणीचा कागद मागतात. ही नोंदणी, आनमेल्डुंग, नव्या घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेच्या कचेरीत करायची असते आणि तिला घरमालकाचा किंवा वसतिगृहाचा दाखला लागतो. विद्यापीठात नाव दाखल करायचं तर आधी आरोग्यविमा. पोरगं विमानातून उतरतं तेव्हा त्याच्या नावावर चार-पाच लाख असतात आणि खिशात दोनशे युरो. त्यात खोलीची अनामत, पहिलं भाडं, विमा. मग मित्राकडे उसनवारी. २०१५पासून यादीत सगळ्यात वर ओळ आली : पहिल्या महिन्याचे हजार-बाराशे युरो वेगळे, ताबडतोब वापरता येतील असे.

पैशांची ही ओढाताण नवी नाही. १९२८मध्ये इरावती कर्वे पीएच.डी.साठी बर्लिनला निघाल्या तेव्हा खर्चासाठी जीवराज मेहतांकडून कर्ज घ्यावं लागलं होतं आणि सासऱ्यांचा, म्हणजे खुद्द महर्षी कर्व्यांचा, जायला विरोध होता. मुलींच्या पालकांपुढे हा दाखला मी सर्रास वापरला. विरोध मावळायचाच असं नाही, पण महर्षींचं नाव आलं की बैठकीतला आवाज खाली यायचा.

आता २०१४चा दसरा. ही गोष्ट मी दर वर्षी नव्या तुकडीला सांगितली. त्या वर्षीच्या पाच जणांच्या घरच्यांनी मिळून ठरवलं, साडेतीन मुहूर्तांपैकी एक आहे, मुलांचं पाऊल परक्या भूमीवर दसऱ्यालाच पडू दे. मी मान डोलावली. दोन ऑक्टोबरच्या रात्री मुंबईहून विमान सुटलं, तीन तारखेला, शुक्रवारी, मुलं पोचली. तीन ऑक्टोबर हा जर्मनीच्या एकीकरणाचा दिवस, देशभर सुट्टी. वसतिगृहाचं कार्यालय बंद, दुकानं बंद. शनिवारी दुकानं उघडली, कार्यालय नाही. रविवारी पुन्हा सगळं बंद. खोल्या नावावर होत्या, किल्ल्या नव्हत्या. पाच जणांनी तीन रात्री एका युथ होस्टेलमध्ये काढल्या आणि सोन्याच्या मुहूर्तावर शिदोरीतल्या बेसनाच्या लाडवांवर दिवस ढकलले. त्यानंतर यादीत ‘मंगळवारी किंवा बुधवारी, सकाळी उतरणे’ असं आलं. पंचांगाशी माझं भांडण नाही, पण किल्ली देणाऱ्या माणसाच्या वेळा त्यात दिलेल्या नसतात.

या प्रसंगानंतर माझी सगळी तयारीच उलटी झाली. तोवर आम्ही मुलांना सहा महिन्यांसाठी सज्ज करत होतो. खरं म्हणजे त्यांना पहिल्या पंधरा दिवसांसाठी सज्ज करायला हवं होतं. नंतरचं पोरं शिकतात. कचरा चार डब्यांत कसा वेगळा करायचा, बाटली परत दिली की पंचवीस सेंट कसे मिळतात, घरात रेडिओ-टीव्ही असो-नसो त्याची वर्गणी मागणारं सरकारी छापाचं पत्र आल्यावर किती घाबरायचं, हे कुणी शिकवावं लागत नाही. म्हणून नंतरच्या वर्षांत मी एक खेळ सुरू केला. वर्गात टेबलं मांडायची : किल्लीचं, नोंदणीचं, विम्याचं, बँकेचं. प्रत्येक टेबलावर गेल्या वर्षी परतलेला एक विद्यार्थी बसणार आणि एक कागद कमी असला तर ‘उद्या या’ म्हणणार. मुलं हसायची, चिडायची. तो एक तास माझ्या पहिल्या चार पानांपेक्षा जास्त उपयोगी पडला, असं परतलेली मुलंच सांगायची.

२०२०मध्ये यादीचा काही उपयोग झाला नाही. उन्हाळी सत्रासाठी सहा मुलं मार्चच्या सुरुवातीला गेली. २२ मार्चपासून भारताने आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानं बंद केली. वर्ग ऑनलाइन झाले. जर्मनीत जाऊन वसतिगृहाच्या खोलीतून जर्मन प्राध्यापकांना पडद्यावर बघायचं. चौघं वंदे भारतच्या विमानांनी परतली, दोघं सत्र संपवूनच आली. त्या वर्षीच्या कागदावर माझ्या अक्षरात एवढंच आहे : ‘रोज रात्री ९ वाजता फोन’.

राहिली परतीची तयारी. तिच्याकडे मी सगळ्यात उशिरा लक्ष दिलं, ही माझी मोठी चूक. तिथलं हिवाळी सत्र ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होऊन फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चालतं, परीक्षा त्यानंतर. तोवर इथलं पुढचं सत्र अर्ध्यावर आलेलं. कुठले विषय तिथे करायचे, त्यांच्या बदल्यात इथले कुठले माफ होणार, हे जाण्याआधी लर्निंग ॲग्रीमेंटमध्ये सह्यांनिशी ठरलं नाही, तर मुलाचं अख्खं सत्र हवेत राहतं. दोघांचं तसं राहिलं. युरोपात एका सत्राला ३० क्रेडिट धरतात, आपल्याकडचा हिशेब वेगळा. गुणांचं तर विचारूच नका. तिथे १.० म्हणजे सर्वोत्तम आणि ४.० म्हणजे जेमतेम पास. एका मुलाची १.३ची गुणपत्रिका आमच्या परीक्षा विभागात आली तेव्हा तिथल्या भाऊंनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, ‘मॅडम, एवढ्या लांब पाठवून नापास झाला का हो?’

म्हणून शेवटच्या यादीत सामानाला चार ओळी उरल्या. बाकी पानावर वर सह्या आणि विषय, मध्ये पहिले पंधरा दिवस, खाली औषधं आणि डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी. हे काम आता एका तरुण सहकारी बाईंकडे गेलं आहे. यादी त्यांच्या हाती दिली, त्यांनी ती नीट वाचली आणि तळाशी एक ओळ वाढवली. पंधरा वर्षांत ती मला सुचली नव्हती :

‘आई-बाबांसाठी : जर्मनी आपल्या साडेतीन तास मागे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून साडेचार.’