गाडी वाळूवर नको, भाऊ

खानदेशातल्या साक्रीहून समुद्र गाठायचा तर कोंडाईबारी घाट उतरून नवापूर, बारडोलीमार्गे सुरत, नाहीतर पिंपळनेर, सटाणा, नाशिक करत कोकण. हल्ली या प्रवासात मोटरहोमचं वेड शिरलंय. पलंग, ओटा, संडास असलेली गाडी भाड्याने घ्यायची, गर्दीचा हंगाम टाळायचा आणि किनाऱ्याकिनाऱ्याने हिंडायचं. बेत उत्तम आहे. पण बेत सांगणाऱ्याचं शेवटचं वाक्य ठरलेलं असतं: "भाऊ, गाडी रेतीवर लाई देवानी नि तठेच झोपी जावानं." मोबाइलवर पुरावाही तयार असतो. स्पेनचा किनारा, जानेवारी महिना, पांढरी गाडी आणि उघड्या दारातून दिसणारा निळा समुद्र. "ते लोक करतात ना!"

नाही करत. स्पेनच्या १९८८ च्या किनारा कायद्यानुसार पुळणीवर परवानगीशिवाय गाडी चालवायला, उभी करायला आणि तळ ठोकायला बंदी आहे. व्हिडिओतली ती गाडी बहुतेक वेळा पुळणीमागच्या पक्क्या वाहनतळावर असते. कॅमेरा फक्त समुद्राकडे वळवलेला असतो. तिथल्या वाहतूक खात्याने २००८ मध्येच खुलासा केला होता: नियमाने उभ्या केलेल्या गाडीत आत कुणी झोपलंय की स्वयंपाक करतंय, याच्याशी खात्याला देणंघेणं नाही. मात्र गाडी फक्त चाकांवर टेकलेली हवी, गाडीच्या आकाराबाहेर छत्री-खुर्ची-टेबल नको आणि सांडपाण्याचा थेंब बाहेर पडता कामा नये. छत्री उघडून खुर्च्या मांडल्या की ते पार्किंग राहत नाही, तळ ठोकणं होतं आणि मग दंडाची पावती येते.

बरं, कायदा बाजूला ठेवा. आपल्याकडे कायदा सांगितला की लोक हसतात. भूगोल तरी ऐका. स्पेनचा जो किनारा आपण पाहतो, तो बहुतेक भूमध्य समुद्राचा. तिथे भरती-ओहोटीतला फरक काही सेंटिमीटरचा, फार तर वीतभर-दीड वीत. संध्याकाळी पाणी जिथे असतं, पहाटेही साधारण तिथेच. त्याच स्पेनच्या अटलांटिक बाजूला हा फरक चार मीटरपर्यंत जातो, आणि तिथे कुणी असला प्रयोग करत नाही. आपला समुद्र या दुसऱ्या जातीचा. उधाणाच्या दिवसांत मुंबई-अलिबागकडे फरक चार मीटरच्या घरात असतो, मालवणकडे जावं तसा तो कमी होत दोनेक मीटरवर येतो. उलट आपल्याला जवळचं म्हणून सुरतेकडे गेलात तर तो वाढतो; खंभातच्या आखातात भावनगरला दहा मीटरच्या आसपास. म्हणजे तीन मजली घराएवढं पाणी दिवसातून दोनदा चढतं आणि उतरतं.

आता हिशेब करू. फरक तीन मीटर धरा. कोकणातल्या रुंद, सपाट पुळणीचा उतार पन्नासास एक धरा. तीन मीटर पाणी चढलं की दीडशे मीटर वाळू पाण्याखाली गेली. हे चढणं साधारण सहा तासांचं, पण ते सारख्या वेगाने होत नाही. पहिल्या तासात पाणी जेमतेम हलतं, म्हणून माणूस निर्धास्त होतो. तिसऱ्या आणि चौथ्या तासांत मिळून निम्मी भरती येते: दोन तासांत पंचाहत्तर मीटर. तेवढ्यात तुमची भाजी-भाकरी उरकून घोरणं सुरू झालेलं असतं.

आणि सगळ्यात मोठी गंमत वेळेची. "पौर्णिमेला जाऊ, चांदणं असतं." कोकणातला साधा ठोकताळा असा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमेला पंधराची पाऊणपट, म्हणजे सव्वाअकरा. दुपारीही आणि रात्रीही. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण चित्र बदलत नाही. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, म्हणजे भरती सर्वांत मोठी. भांगाची, म्हणजे लहान भरती अष्टमीच्या आसपास. पौर्णिमेला संध्याकाळी पाच-सहाला तुम्ही पोचता, तेव्हा पूर्ण ओहोटी असते. पुळण इतकी रुंद दिसते की क्रिकेटची दोन मैदानं मावतील. तुम्ही खुशीत गाडी पाण्याजवळ लावता. मध्यरात्री तीच जागा समुद्रात असते. ओहोटीला दिसणारी ओली, कडक वाळू ही रिकामी जागा नाही, समुद्राचाच तळ आहे.

"मग पाणी आलं की गाडी काढू." साडेतीन टनांची गाडी ओल्या वाळूवर तासन्‌तास उभी असते. लाट टायरभोवती फिरते, खालची वाळू उचलून नेते आणि चाक आपल्याच खड्ड्यात बसतं. तुम्ही एक्सलरेटर दाबला की ते आणखी रुततं. नदीच्या कोरड्या पात्रातून ट्रॅक्टर काढण्याचा आपला खानदेशी अनुभव इथे कामाचा नाही. आपल्या कान नदीला दर बारा तासांनी पूर येत नाही.

"पण बिनहंगामात समुद्र शांत असतो." कुठला बिनहंगाम? स्पेनचा बिनहंगाम म्हणजे सौम्य हिवाळा. कोकणचा बिनहंगाम म्हणजे जून ते सप्टेंबर, खवळलेला दर्या. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारीसुद्धा बंद असते, ती माशांच्या प्रजननासाठी आणि कोळ्यांच्या जिवासाठीही. तुमची गाडी कोळ्याच्या होडीपेक्षा शहाणी नाही. आणि जानेवारीतल्या मधल्या वारी गेलात, जे खरं तर मला सर्वांत पसंत, तरी एक लक्षात ठेवा: मुंबईकडच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात रात्रीची भरती दिवसाच्या भरतीपेक्षा मोठी असते. पावसाळ्यात उलट.

बाकीचे गैरसमज भराभर उरकतो.

"पावसाळ्यात कोकण बंद." सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी बंद, पाण्यातले खेळ बंद. गावं, खानावळी, रस्ते चालू. मोठी गाडी असेल तर वरंधासारखा घाट उघडा आहे का, एवढं निघण्याआधी विचारा.

"ट्रकचं लायसन्स लागतं." हलक्या वाहनाची मर्यादा ७५०० किलो आहे. भाड्याच्या बहुतेक मोटरहोम त्यात बसतात.

"जुनी ट्रॅव्हलर घ्यायची, पलंग-शेगडी बसवायची, झालं." मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. नोंदणीपुस्तकातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये स्पष्ट केलं.

"छतावर सोलर आहे, रात्रभर एसी चालेल." साक्री तालुक्यात शिवाजीनगरचा सौर प्रकल्प पाहिलेल्या माणसाने तरी हे बोलू नये. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे १.२ युनिट वीज. घरगुती दीड टनाचा एसी ती तासाभरात संपवतो.

"आपल्याकडे अशा गाड्यांसाठी काहीच सोय नाही." राज्य सरकारने २०२१ मध्येच कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. पाणी, वीज आणि सांडपाण्याची सोय असलेले तळ उभारणं हा त्याचा गाभा. असे तळ अजून कमी आहेत, हे खरं. पण सागरी रस्त्यालगतची गावं आहेत, घरगुती मुक्कामाच्या वाड्या आहेत. अंगणात गाडी लावू का, असं आधी फोन करून विचारलं तर बरेच जण जागाही देतात आणि नळही.

राहिली भरतीची वेळ. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरतीची कोष्टकं छापतो आणि हैदराबादची इन्कॉईस ही संस्था उंच लाटांचा इशारा देते. कोष्टकं मोबाइलवर न सापडली तरी भरतीच्या वेळेसाठी घरातलं पंचांग पुरे. गाडी अंगणात किंवा डांबरावर लावा आणि समुद्रापर्यंत पायी जा.