संगीत-मैफल आणि कॅमेरा

कॅमेरा हातीं आला म्हणजे तो घेऊन कोठें तरी जावें, अशी इच्छा प्रत्येक तरुणास होते. आणि त्यांतून गाण्याची आवड असली, तर पहिली धांव मैफलीकडे असते. भीमसेन जोशी यांनीं आपले गुरु सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ १९५३ सालीं पुण्यास सुरू केलेल्या महोत्सवासारख्या समारंभांस आमचे विद्यार्थी मोठ्या हौसेनें जातात, आणि परत आल्यावर काळवंडलेलीं, पुसट चित्रें दाखवून कॅमेरा हलक्या प्रतीचा असल्याची तक्रार करितात. दोष बहुधा कॅमेऱ्याचा नसतो, हें दाखविण्याचा या लेखाचा हेतु आहे.

नवशिक्यांच्या डी. एस. एल. आर. कॅमेऱ्याबरोबर जें भिंग मिळतें, तें बहुधा १८ ते ५५ मि. मी. चें असतें. दूरची वस्तु जवळ आणावी, तर त्याचें छिद्र एफ/५.६ हून मोठें होत नाहीं. दिवसाउजेडीं एवढें पुरतें. रंगमंचावर पुरत नाहीं. आतां ५० मि. मी. चें, एफ/१.८ छिद्राचें साधें भिंग घ्या. हा आंकडा जितका लहान तितकें छिद्र मोठें, आणि प्रकाश आंकड्यांच्या प्रमाणाच्या वर्गानें वाढतो. ५.६ ला १.८ नें भागून वर्ग केला, तर साडेनऊपटींहून अधिक प्रकाश आंत येतो असें दिसेल. म्हणजे पहिल्या भिंगास जेथें १/१५ सेकंद लागे, तेथें दुसऱ्यास १/१२५ सेकंद पुरे होतो. १/१५ सेकंदांत गवयाचा हात हलून जातो. १/१२५ मध्यें तो बहुधा स्थिर उमटतो. तबलजीच्या बोटांस मात्र एवढी त्वराहि अपुरी पडते. पण त्या बोटांची थोडी अस्पष्टता चित्रास शोभून दिसते.

इतकें करूनहि प्रकाश उणा पडल्यास आय. एस. ओ. १६०० किंवा ३२०० पर्यंत चढवावा. चित्र थोडें कणीदार होईल, याची भीति बाळगूं नये. कण मागाहून संगणकावर कमी करितां येतात; हललेलें चित्र सावरतां येत नाहीं. रंगमंचामागील काळा पडदा कॅमेऱ्याच्या प्रकाशमापकास फसवितो, आणि गवयाचा चेहरा पांढराफटक येतो. म्हणून मापन केवळ चेहऱ्यावर करावें, अथवा प्रकाश एक पायरी उतरवावा. कांहीं विजेचे दिवे सेकंदांत १०० वेळां मंद व तेजस्वी होत असतात. त्यामुळें चित्रावर आडवे पट्टे उमटूं लागले, तर शटर १/१०० वर आणून पाहावें.

कॅमेऱ्यावरील लखलखता दिवा मात्र मुळींच वापरूं नये. अंतर दुप्पट झालें कीं प्रकाश चौथाई होतो. त्यामुळें मागील रांगेंतून तो गवयापर्यंत पोहोंचतच नाहीं. उजळतात तीं पुढच्या श्रोत्यांचीं डोकीं, आणि दिपतात ते कलावंताचे डोळे.

येथवर यंत्राचें झालें. आतां आमची एक चूक सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं एका मैफलींत आम्ही तिसऱ्या रांगेंत बसलों होतों. आलापीच्या अखेरीस गवई षड्जावर येऊन विसावला. सभागृह निःशब्द झालें, आणि नेमक्या त्याच क्षणीं आम्हीं लागोपाठ पांच-सहा चित्रें घेतलीं. या जातीच्या कॅमेऱ्यांत प्रत्येक चित्राच्या वेळीं आंतील आरसा वर उचलला जातो. त्याची खटखट त्या शांततेंत सर्वांस ऐकूं गेली. शेजारीं बसलेले एक वृद्ध गृहस्थ रागावले नाहींत. त्यांनीं डोळे उघडून आमच्याकडे एकदां पाहिलें, आणि पुन्हां मिटून घेतले. चित्रें उत्तम आलीं. परंतु तो षड्ज कसा लागला होता, हें आम्हांस आजहि सांगतां येत नाहीं.

तेव्हांपासून आम्ही कांहीं नियम पाळीत आलों आहों. प्रथम संयोजकांची परवानगी घ्यावी. भिंग बदलतां येणारा कॅमेरा कित्येक ठिकाणीं आंत नेऊं देत नाहींत, आणि पाश्चात्य पद्धतीच्या अनेक मोठ्या जलशांत वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांसहि पहिल्या तीन गीतांपुरतीच मुभा असते. उभें राहून मागच्यांची दृष्टि अडवूं नये. कॅमेऱ्याच्या पाठीवरील उजळ पडदा बंद ठेवावा. आलापी चालूं असतां बटणास हात लावूं नये. द्रुत लयींत तबला घुमूं लागला, अथवा टाळ्यांचा कडकडाट झाला, म्हणजे खटखट त्यांत बुडून जाते आणि कलावंताची मुद्राहि खुललेली असते. अशीं दहा-बारा चित्रें मिळालीं कीं कॅमेरा पिशवींत ठेवावा. उरलेलें गाणें तें आपलें.