बर्लिनची गायन अकादमी : भांडारातून कंठात

दि. २४ मे १७९१ रोजी बर्लिन शहरात काही स्त्री-पुरुष धार्मिक गीते एकत्र गाण्यासाठी जमले आणि कार्ल फ्रीड्रिश फाश या संगीतकाराने त्यांची हजेरी एका वहीत नोंदविली. ‘सिंग-अकादमी’, म्हणजे गायन अकादमी, या संस्थेचा जन्म त्या नोंदीपासून मानला जातो. संस्थेचा आरंभ ठरावाने न होता उपस्थितीने व्हावा, ही गोष्ट सार्वजनिक कार्याचा अनुभव असणाऱ्यांना मनोमन पटेल.

फाश हे प्रशियाच्या दरबारातील वादक होते. परंतु त्यांच्याभोवती जमलेले बहुतेक गायक पोटासाठी गाणारे नव्हते. सुशिक्षित कुटुंबांतील ही सामान्य मंडळी होती. त्या काळी चर्चमध्ये वरच्या पट्टीतील स्वर बहुधा लहान मुले गात असत. येथे ते स्त्रियांनी गाइले. आपल्या मंदिरातील स्तवनात सर्वांची चाल एकच असते. पाश्चात्त्य वृंदगायनात मात्र प्रत्येक गट निराळी स्वरपंक्ती गातो आणि त्यांच्या मेळातून रचना उभी राहते. स्वतः फाश यांनी सोळा स्वरपंक्तींची एक प्रार्थना-रचना लिहिली होती. असे गायन उत्स्फूर्तपणे जमणारे नव्हे. त्यास वर्षानुवर्षांचा नियमित सराव लागतो.

१८०० साली फाश निवर्तले आणि धुरा कार्ल फ्रीड्रिश त्सेल्टर यांच्याकडे आली. हे गृहस्थ व्यवसायाने गवंडी, तेही परीक्षा उत्तीर्ण झालेले उस्ताद गवंडी, आणि महाकवी गटे यांचे स्नेही. त्यांनी जुन्या हस्तलिखितांचा मोठा संग्रह जमविला. सारा लेव्ही या विदुषी वादिकेने आपल्याकडील मौल्यवान हस्तलिखिते संस्थेस दिली. या संग्रहात १७५० साली दिवंगत झालेल्या योहान सेबास्टियन बाख यांच्या रचनाही होत्या. सरावात त्या गाइल्या जात. परंतु बाख यांच्या दीर्घ रचना जाहीर सादरीकरणास फार कठीण आणि कालबाह्य आहेत, असे त्सेल्टर मानीत. गुड फ्रायडेस लोकांपुढे येई ती ग्राऊन यांची ‘येशूचा मृत्यू’ ही सुबोध रचना.

ग्रंथ जपणे आणि ग्रंथ उघडणे यांतील अंतर जैन वाचकास समजावून सांगावे लागत नाही. मूडबिद्रीच्या भांडारातील धवला-सिद्धांताच्या ताडपत्रांचे शतकानुशतके केवळ दर्शन घेतले गेले, डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली त्याचा पहिला मुद्रित खंड १९३९ साली निघाला, तेव्हा कोठे तो सामान्य अभ्यासकाच्या हाती आला. बर्लिनमध्ये ते कार्य एका वीस वर्षांच्या तरुणाने केले.

फेलिक्स मेंडेल्सझोन व त्याची बहीण फान्नी ही दोघे लहानपणीच अकादमीत दाखल झाली होती. बाख यांच्या ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ची नक्कल फेलिक्सला त्याच्या आजीने भेट दिली होती. ‘पॅशन’ म्हणजे येशूच्या यातना व मृत्यू यांचे बायबलमधील कथन, गायनरूपाने मांडलेले. या रचनेस दोन गायकवृंद आणि दोन वाद्यवृंद लागतात. फेलिक्स आणि त्याचा गायक-नट मित्र एडुआर्ड देव्रियांत हे दोघे त्सेल्टरांकडे अनुमती मागण्यास गेले, तेव्हा गुरुजी प्रथम चांगलेच संतापले. अखेरीस त्यांनी होकार दिला, ही त्यांची थोरवी. ख्रिस्ती धर्मसंगीतातील एवढी थोर कृती लोकांपुढे आणण्यास एक नट आणि एक ज्यू मुलगा लागावा, याचे फेलिक्सला नवल वाटल्याचे देव्रियांत यांनी आठवणींत लिहून ठेवले आहे. मेंडेल्सझोन घराणे मूळचे ज्यू. मुलांचा बाप्तिस्मा पुढे झाला होता.

दि. ११ मार्च १८२९ रोजी अकादमीच्या सभागृहात ती रचना सादर झाली. दीडशेहून अधिक गायक उभे होते आणि फेलिक्स पियानोपाशी बसून संचालन करीत होता. राजा उपस्थित होता, तत्त्वज्ञ हेगेल उपस्थित होते आणि तिकीट न मिळाल्याने शेकडो लोक परत गेले. फेलिक्सने मूळ रचनेतील अनेक भाग गाळले होते. आजचे शुद्धतावादी त्यास नाके मुरडतील. परंतु अखंड पोथी कपाटात राहण्यापेक्षा संक्षिप्त पाठ लोकांच्या कानी पडणे अधिक मोलाचे ठरले. दहा दिवसांनी, बाख यांच्या जन्मदिनी, पुन्हा प्रयोग झाला आणि गुड फ्रायडेस तिसरा. तो मात्र स्वतः त्सेल्टर यांनी संचालित केला.

१८३२ मध्ये त्सेल्टर वारले. उत्तराधिकारी निवडण्यासाठी जानेवारी १८३३ मध्ये सभासदांचे मतदान झाले. रुंगेनहागेन यांना १४८ मते मिळाली, मेंडेल्सझोनला ८८. रुंगेनहागेन यांनी अनेक वर्षे उपसंचालक म्हणून निष्ठेने सेवा केली होती आणि ते वयाने ज्येष्ठ होते. सभासदांस तेच सुरक्षित वाटले असावे. मेंडेल्सझोनचे ज्यू कूळ आड आले का, यावर अभ्यासकांत आजही वाद आहे. मेंडेल्सझोन कुटुंब संस्थेतून बाहेर पडले. ज्येष्ठतेचा हिशेब चोख ठेवणाऱ्या संस्था कधी कधी असा तोटा करून घेतात. तथापि रुंगेनहागेन यांना अन्यायाने हिणवू नये. त्यांनी १८३३ सालीच बाख यांचे ‘सेंट जॉन पॅशन’ आणि पुढील दोन वर्षांत ‘बी मायनर मास’ दोन भागांत सादर केले. एकदा उघडलेले दार त्यांनी बंद होऊ दिले नाही.

दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यांच्या भीतीने संग्रह सायलेशियात हलविला गेला आणि तेथून नाहीसा झाला. सभागृहाची इमारत पूर्व बर्लिनमध्ये, तर संस्था पश्चिम बर्लिनमध्ये, अशी ताटातूट झाली. संग्रह नष्ट झाला, असेच बहुतेकांनी गृहीत धरले होते. १९९९ मध्ये तो युक्रेनची राजधानी कीव येथील सरकारी अभिलेखागारात सापडला. त्यात पाच हजारांहून अधिक बाडे होती आणि बाखपुत्र कार्ल फिलिप इमॅन्युएल यांच्या अनेक ‘पॅशन’ रचना होत्या. सोव्हिएत सैन्याने ती बाडे नेली होती, पण जपलीही होती. २००१ साली ती बर्लिनला परतली आणि आता बर्लिनच्या राज्य ग्रंथालयात अभ्यासकांसाठी खुली आहेत.

इमारतीचा वाद त्यानंतरही चालला. २०१२ मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने ती अकादमीचीच मालमत्ता असल्याचा निर्णय दिला. मात्र १९५२ पासून त्या वास्तूत माक्सिम गोर्की नाट्यगृह आहे, आणि १८२९ साली जेथे दोन गायकवृंद समोरासमोर उभे राहिले, तेथे आजही नाटकेच होतात.