पत हेच पहिले भांडवल

बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा लक्ष्मणराव किर्लोस्करांपाशी लोखंडी नांगर घडविण्याचे कसब होते, जमीन नव्हती. औंधच्या मंदिराच्या सभामंडपाचे त्यांचे काम पाहिलेल्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी संस्थानातील कुंडलजवळचा माळ दिला. १९१० मध्ये तेथे किर्लोस्करवाडी वसली. आज औंध सातारा जिल्ह्यात, तर वाडी सांगलीत आहे. लाभलेला विश्वास लक्ष्मणरावांनी पुढे शिक्षा भोगून आलेल्यांनाही काम देऊन वाढविला.

बँकेत कर्जप्रकरणे तपासताना तारणाइतकाच मी अर्जदाराचा व्यवहार पाहत असे. आपल्या अचौर्य व्रतातही खोटे माप हा अतिचार मानला आहे. नवे दुकान मांडणाऱ्या तरुणांनी वहीपूजनाच्या दिवशी पहिल्या पानावर लिहावे: माप पुरे, शब्द खरा. भांडवल मागाहून येते.