नव्या किल्लीची ओळख

कुलूप आणि किल्ली यांचें नातें आजवर दांत्यांचें होतें. दांते जुळले कीं कुलूप उघडावें, इतकी ती साधी गोष्ट. परंतु आजच्या मोटारीला तेवढें नातें पुरेसें वाटत नाहीं. कराडच्या बाजारपेठेंतून मूळ किल्लीबरहुकूम दुसरी किल्ली घासून आणावी. तिनें दार उघडतें, ती खाचेंत फिरतेहि. पण इंजिन सुरूच होत नाहीं, किंवा क्षणभर घुरघुरून बंद पडतें. समोरच्या फलकावर एक लहानसा दिवा मात्र लुकलुकत राहतो. गृहस्थास वाटतें, गाडी बिघडली. वस्तुतः गाडी ठणठणीत असते. तिनें केवळ परक्यास ओळखलेलें असतें.

यांतलें मर्म किल्लीच्या मुठींत आहे. तेथें ट्रान्सपाँडर नांवाची एक चिमुकली चिप बसविलेली असते, आणि खाचेभोवतीं तारेचें वेटोळें असतें. किल्ली फिरविली कीं त्या वेटोळ्यांतून बहुधा १२५ किलोहर्ट्झच्या आसपासच्या लहरी निघतात. त्यांच्याच शक्तीवर चिप जागी होते आणि आपली सांकेतिक खूण सांगते. अधिक सुधारलेल्या पद्धतींत गाडी दर वेळीं नवा प्रश्न विचारते व चिपनें त्याचें नेमकें उत्तर द्यावयाचें असतें. उत्तर चुकलें तर इंजिनाचा संगणक इंजिन चालूं देत नाहीं. या पहारेकऱ्यास इमोबिलायझर म्हणतात. मारुतीच्या गाड्यांसंबंधीं ‘आयकॅट्स’ हें नांव वाचकांनीं ऐकलें असेल. तें याच व्यवस्थेचें.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. दार उघडणारीं बटणें किल्लींतील सेलवर चालतात. चिपला सेल लागत नाहीं. म्हणून बटणानें दार उघडलें तरी गाडी सुरू होईलच असें नाहीं. आणि सेल संपला तरी चिप मुकी होत नाहीं.

ही कल्पना एका दिवसांत परिपक्व झाली नाहीं. १९८६ सालीं अमेरिकेंत जनरल मोटर्सनें कॉर्व्हेट गाडीच्या किल्लींत एक विद्युत्‌रोधक बसविला. त्याचे प्रकार अवघे १५. चिकाटीच्या चोरट्यास ते फारसे भारी नव्हते. पुढें चिप आली, आणि ऑक्टोबर १९९८ पासून युरोपीय संघांत नव्या प्रवासी मोटारींस इमोबिलायझर सक्तीचा झाला.

तेव्हां नवी किल्ली करणें म्हणजे दोन कामें होत. पहिलें, पातें कापणें. दुसरें, त्या किल्लीची गाडीशीं ओळख करून देणें. दुसऱ्या कामासाठीं तंत्रज्ञ सुकाणूखालच्या जोडणींत आपलें यंत्र लावतो आणि, बहुतेक गाड्यांत, एक गुप्त क्रमांक देऊन चिपची नोंद गाडीच्या स्मृतींत करतो. कित्येक गाड्यांत ही नोंद करतांना जुन्या नोंदी पुसल्या जातात. म्हणून घरांत असतील तेवढ्या सर्व किल्ल्या बरोबर न्याव्या. नोंदणीपुस्तक व ओळखपत्रहि न्यावें. हरवलेल्या किल्लीची नोंद आठवणीनें काढून टाकावी. एरवीं ती ज्याच्या हातीं पडेल त्यास गाडी आपलाच धनी समजेल! गाडी चोरीस गेल्यास विमा कंपनी दोन्ही मूळ किल्ल्या मागते. यास्तव एक जरी हरवली, तरी पोलिसांत तक्रार नोंदवून तिची प्रत जपून ठेवावी.

खरा प्रसंग ओढवतो तो शेवटची किल्ली गेली म्हणजे. प्रीतिसंगमावर पाण्यांत उतरतांना खिशांतली किल्ली कृष्णेंत पडावी, आणि त्याच रात्रीं घरांतील वृद्धास रुग्णालयांत न्यावें लागावें! दाराशीं गाडी उभी, टाकी भरलेली, चालविणारा सिद्ध. तरी चाक हलणार नाहीं. अशी गाडी ढकलूनहि सुरू होत नाहीं; ती ओढून न्यावी लागते, नाहींतर तंत्रज्ञास यंत्रासह दारीं आणावें लागतें. कांहीं गाड्यांत तर संगणकच बदलावा लागतो, आणि एका किल्लीचा खर्च अनेक पटींनीं वाढतो.

हातीं एक चालती किल्ली असतां दुसरी करणें त्या मानानें सोपें व स्वस्त पडतें. तहान लागल्यावर विहीर खणण्याची संवय आपल्याकडे जुनी आहे. ज्यांच्या घरीं आज एकच किल्ली उरली असेल, त्यांनीं दुसरीची सोय याच महिन्यांत करून घ्यावी.